लिफ्टच्या फोनवर आमची धाकटी

उद्या सकाळी दहा वाजता आमची धाकटी लेक तिच्या साहेबांच्या खोलीत जाणार आहे, आणि ते तिला बोलू देतील का, ही एकच काळजी मला रविवारपासून खाते आहे. ते ओरडतील अशी भीती नाही. साहेब सज्जन आहेत, तीच अडचण आहे. दुष्ट माणूस धाकटीचं बोलणं अर्धं ऐकून निघून जातो, आणि मग ती निदान त्याच्या पाठीमागे ते पुरं तरी करते. सज्जन माणूस थांबतो, मान हलवतो, डोळ्यांत माया आणतो आणि तिचं वाक्य स्वतःच पुरं करून टाकतो. मग ते वाक्य त्याचं होतं आणि तोच त्याला होकार देतो.

धाकटी एकोणतीस वर्षांची आहे आणि लहानपणापासून बोलताना अडखळते. शब्द तिला ठाऊक असतो, तोंडाशी आलेला असतो, पण पहिलं अक्षर बाहेर पडत नाही; कधी दोन सेकंद, कधी वीस. इथे तिचं बोलणं मी अक्षरं तोडून, टिंबं देऊन लिहिणार नाही. तसं लिहिलं की वाचणारा ते एकदा आवाज काढून म्हणून बघतो, आणि मग शेजारच्याला म्हणून दाखवतो. ती काय म्हणाली तेवढं लिहिते. लागलेला वेळ ज्याने त्याने आपल्या मनाने धरावा आणि मग तो दुप्पट करावा.

ती चार वर्षांची असताना हे पहिल्यांदा आमच्या लक्षात आलं. घरात प्रत्येकाने आपापला उपाय सुरू केला. आत्या, म्हणजे यांची थोरली बहीण, जिभेला मध लावत. मधाचा परिणाम एवढाच झाला की धाकटी जीभ बाहेर काढून आत्यांची वाट बघू लागली. मग कुणीतरी आत्यांना सांगितलं की अचानक दचकवलं की अडखळणं जातं. आत्या दाराआड लपून राहू लागल्या. दोनदा धाकटी दचकली. तिसऱ्या वेळी तिने आधीच दार ढकलून बघितलं आणि आत्याच किंचाळल्या. त्यानंतर आत्यांनी तो उपाय सोडला. त्यांच्या स्वतःच्या बोलण्यावर मात्र दचकण्याचा काहीच परिणाम झाला नाही. त्या तेव्हाही न थांबता बोलत होत्या, आजही बोलतात.

यांचा उपाय वर्तमानपत्र. धाकटी बोलायला लागली आणि शब्द अडला की हे पेपर उघडत. ती दहा वर्षांची असताना तिने विचारलं, "बाबा, मी बोलायला लागले की तुम्ही पेपर का उघडता?"

"तुला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून गं. कुणी टक लावून बघत बसलं तर बरं वाटत नाही."

"मग मी पेपराशी बोलते असं वाटतं."

हे म्हणाले, "बरं," आणि पेपर खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा उघडला. सवय होती.

माझा उपाय सगळ्यात जलद होता. मी तिच्या वतीने बोलत असे. दुकानदाराने "काय हवंय बाळ?" विचारलं की धाकटीने तोंड उघडायच्या आत मी "पेन्सिल" म्हणून मोकळी. पुढे दुकानदारही तिला विचारेनासे झाले. ती उभी असे शेजारी, उंचीला माझ्या खांद्याला लागलेली, आणि माणसं मला विचारत, "हिला काय हवंय?" एकदा दवाखान्यात डॉक्टरांनी तिच्या घशात बॅटरी मारली आणि माझ्याकडे बघून विचारलं, "कधीपासून दुखतोय हिचा घसा?" मी सांगितलं, "परवापासून." बाहेर आल्यावर ती म्हणाली, "पाच दिवस झाले."

"मग आत का नाही सांगितलंस?"

"तुम्ही दोघं बोलत होतात."

मी चिडले. वेळ कुणाकडे असतो, मागे रांग लागलेली असते, तुझंच काम झालं ना, असं बरंच काही बोलले. सगळं न अडखळता.

शाळेत तिला पहिल्या बाईंनी सांगितलं होतं, "हजेरीला तू नुसता हात वर कर." बाई प्रेमळ होत्या. धाकटीने आठ वर्षं हात वर केला. नववीत गेल्यावर पहिल्याच दिवशी ती नव्या बाईंच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मला तोंडाने हजेरी द्यायची आहे." हे मला तिच्या मैत्रिणीकडून कळलं. दुसऱ्या दिवशी तिचा नंबर आला. बाई पेन हातात धरून, तिच्याकडे बघत थांबल्या. मागच्या बाकावरून कुणी हसलं तर बाईंनी तिकडे मानही वळवली नाही, धाकटीकडेच बघत राहिल्या. 'हजर' आलं, बाईंनी टिंब मारलं आणि पुढचा नंबर घेतला. शाबासकी नाही, टाळ्या नाहीत. वर्षभर रोज हेच. धाकटी अजून त्या बाईंबद्दल बोलते. बाकी कुठल्याही बाईंबद्दल ती काही बोलत नाही, आणि त्यांतल्या निदान तिघी तिला जवळ घेऊन रडल्या होत्या.

कॉलेज झालं, नोकरीच्या मुलाखती सुरू झाल्या. बहुतेक ठिकाणी "कळवतो" म्हणत. एका ठिकाणच्या गृहस्थांनी तिचा पहिला शब्द अडलेला ऐकला आणि पुढचा प्रश्न फार मोठ्याने विचारला. ती सांगायला गेली की मला ऐकू येतं. तेवढ्यात त्यांनी प्रश्न कागदावर लिहून तिच्यापुढे धरला. ती म्हणते, अक्षर सुंदर होतं.

मग ही नोकरी मिळाली. कंपनी इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करते. प्रत्येक लिफ्टमध्ये घंटेचं चित्र असलेलं लाल बटण असतं. अडकलेल्या माणसाने ते दाबलं की फोन या कंपनीच्या खोलीत वाजतो. खोली दुसऱ्या मजल्यावर आहे. त्या इमारतीला लिफ्ट नाही. खोलीत तीन टेबलं, तीन फोन, भिंतीवर इमारतींच्या नंबरांचा मोठा फळा, आणि खिडकीखाली अंगणात मेकॅनिकांच्या मोटारसायकली. फोन आला की इमारत कुठली, लिफ्ट कितव्या मजल्यावर अडली, आत किती माणसं, कुणाला दम्याचा वगैरे त्रास आहे का, हे विचारून घ्यायचं, मेकॅनिकला पाठवायचं, आणि तो पोचेपर्यंत आतल्या माणसाला एकटं सोडायचं नाही.

फोन उचलून बोलायची नोकरी. धाकटीने स्वतःहून अर्ज केला होता. आम्हाला सांगितलं ते मुलाखतीच्या आदल्या दिवशी. आत्या म्हणाल्या, "अगं, पोहता येत नाही तर विहिरीत कशाला उडी?" धाकटी म्हणाली, "मला बोलता येतं आत्या. वेळ लागतो."

मुलाखतीत साहेबांनी तिच्या हातात एक कार्ड दिलं आणि मोठ्याने वाचायला सांगितलं. घाबरू नका. तुम्ही सुरक्षित आहात. दरवाजा हाताने उघडू नका. आमचा माणूस निघाला आहे. एवढीच चार वाक्यं. तिला दीड मिनिट लागलं. साहेबांनी मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही, हे इथे त्यांच्या बाजूने लिहून ठेवते. मग ते म्हणाले, "आमचा माणूस पोचायला साधारण वीस मिनिटं लागतात. तुमचं कार्ड दीड मिनिटात संपलं. उरलेली साडेअठरा मिनिटं काय बोलाल?"

"त्यांना काय बोलायचंय ते विचारीन," धाकटी म्हणाली.

सहा महिने आजमावून बघू, मग कायम करू, असं ठरलं. दुसऱ्या पाळीला रात्री अकरा वाजतात म्हणून तिने ऑफिसजवळच एक खोली भाड्याने घेतली. मी पडदे शिवून दिले.

ती कामावर लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी साहेबांना फोन केला. नंबर तिच्या नेमणुकीच्या पत्रावर होता. "साहेब, मी तिची आई," असं सांगून मी म्हणाले की शक्य असेल तर तिला फोनवर ठेवू नका, कागदांचं काहीतरी काम द्या. लोक संतापतात, काहीबाही बोलतात, तिला लागतं, आणि ती स्वतः कधी सांगणार नाही. "आणि मी फोन केला होता हे तिला कळू देऊ नका."

साहेब म्हणाले, "तुम्ही निश्चिंत राहा." मी निश्चिंत झाले. पुढे दोन महिने मला छान झोप लागली.

साहेबांनी तेव्हा काहीच केलं नाही, कारण दोन माणसं सोडून गेली होती आणि फोन उचलायला कुणीतरी हवं होतं. म्हणजे तिला तिची नोकरी मिळाली ती माणसं कमी होती म्हणून, आमच्या समजूतदारपणामुळे नाही.

पहिल्या आठवड्यात तिचा त्रास अडकलेल्या लोकांचा नव्हता, शेजारच्या टेबलाचा होता. तिथे एक ताई बसतात, पन्नाशीच्या, चष्म्याला साखळी. धाकटीचा शब्द अडला की त्या हात लांब करून तिचा फोन आपल्याकडे ओढत आणि उरलेलं कार्ड धडाधड म्हणून टाकत. वर म्हणत, "शांत हो, शांत हो. पाणी पी." चौथ्या दिवशी चहाच्या वेळी धाकटीने त्यांना सांगितलं, "ताई, मी शांतच असते. शब्द मला माहीत असतो, तो सुचवू नका. फोन घेऊ नका. मी बोलताना माझ्या ओठांकडे नका बघू, माझ्याकडे बघा. आणि मी काय म्हटलं ते कळलं नाही तर मान हलवू नका, पुन्हा विचारा."

ताई तेवढा वेळ बिस्किट हातात धरून ऐकत होत्या. बुडवलेलं अर्धं तुटून चहात पडलं होतं. "अगं, मग आधी सांगायचंस ना!" त्या म्हणाल्या. "मी आपली तीस वर्षं सासूबाईंची वाक्यं पुरी करतेय, हाताला वळण लागलंय. त्यांना तर काही होतही नाही. फक्त सावकाश बोलतात."

त्या दिवसापासून ताईंनी हात मांडीवर ठेवायला सुरुवात केली. मधूनमधून एक हात फोनकडे जाई, मग त्या तो दुसऱ्या हाताने धरून आणत. दोघींची गट्टी जमली. डबा एकत्र, शनिवारी बाजार एकत्र. धाकटीला कामावरची मैत्रीण पहिल्यांदाच मिळाली होती.

आणि फोनवर काय झालं ते मी ताईंच्या तोंडून ऐकलं, एकदा त्या घरी आल्या होत्या तेव्हा. "तुमची मुलगी आल्यापासून आमच्याकडे भांडणं कमी झालीत हो," त्या म्हणाल्या. "मी कार्ड वाचते, दहा सेकंदांत संपतं, मग तो आतला माणूस मला शिव्या द्यायला मोकळा. हिच्याशी बोलताना त्याला आधी ऐकावं लागतं. ऐकता ऐकता त्याचा आवाज खाली येतो. परवा एकजण काय म्हणाला माहितीये? आधी बोंबलत होता, दार तोडतो म्हणून. हिचा शब्द अडला. थोड्या वेळाने म्हणतो, बाई, तुम्ही सावकाश बोला, मी काही कुठे जात नाहीये."

मी हसले. मग स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले. आता वाटतं, तेव्हाच साहेबांना दुसरा फोन करून पहिला मागे घ्यायला हवा होता. पण जो फोन कुणाला माहीत नाही तो मागे कसा घेणार, असं मला वाटलं आणि मी ताईंना आणखी चहा दिला.

आत्यांचंही सांगून टाकते. आत्यांच्या इमारतीची लिफ्ट याच कंपनीकडे आहे; ती एकदा त्यांना घेऊन तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये अडकली. हातात भाजीच्या दोन पिशव्या. त्यांनी बटण दाबलं आणि फोन उचलला तो भाचीने. धाकटीने आवाज ओळखला, पण कामावर आहे म्हणून रीतीने सुरुवात केली. पहिल्या शब्दावरच आत्यांनीही तिला ओळखलं आणि म्हणाल्या, "अगं बाई, तू! सावकाश. घाबरू नकोस. दीर्घ श्वास घे."

"आत्या, अडकलीयेस तू. श्वास तू घे."

आत्यांनी घेतला. मग सतरा मिनिटं त्या बोलत होत्या आणि धाकटी ऐकत होती. मध्ये एकदाच आत्या गप्प झाल्या, लिफ्ट जराशी हलली तेव्हा. धाकटीने सांगितलं, "हलली ती आमच्या माणसाने हलवली. वर पोचलाय तो." हे सांगायला तिला बराच वेळ लागला आणि आत्या, आयुष्यात पहिल्यांदा, ते संपेपर्यंत थांबल्या. बाहेर आल्यावर त्यांनी मला फोन केला. "पोरगी भक्कम आहे गं," म्हणाल्या. "मी मध लावला होता ना लहानपणी."

पाच महिने असे गेले. मग एका मोठ्या इमारतीचे सेक्रेटरी आपल्याच लिफ्टमध्ये अडकले. त्यांना घाई होती. मेकॅनिक अकरा मिनिटांत पोचला, जे वीस मिनिटांच्या हिशोबात चांगलंच झालं. पण सेक्रेटरींनी साहेबांना लिहून कळवलं की तुमच्या फोनवर बसवलेल्या बाईंना बोलता येत नाही, हा आमच्या जिवाशी खेळ आहे.

साहेबांनी धाकटीला काही विचारलं नाही. त्यांनी मला फोन केला. गेल्या गुरुवारी, मी कपड्यांना इस्त्री करत होते. "मॅडम, तुम्ही सुरुवातीलाच सांगितलं होतं, मी लक्ष दिलं नाही," ते म्हणाले. "आता अशी तक्रार आली आहे. तिला दुखवायचं नाही. एक तारखेपासून आतल्या खोलीत जुन्या कागदांच्या फायली लावायचं काम देऊ का? पगार तोच राहील. तुम्हाला काय वाटतं, तिला चालेल?"

तिला चालेल का, हे ते मला विचारत होते. ती तेव्हा त्यांच्यापासून वीस पावलांवर तिच्या टेबलाशी बसलेली होती. साहेबांचं मला नवल वाटलं नाही. दुकानदारांपासून डॉक्टरांपर्यंत सगळे मलाच विचारत आले आहेत. नवल पुढच्याचं वाटायला हवं होतं. मी इस्त्री उभी केली आणि म्हणाले, "चालेल साहेब. बरं होईल. फार उपकार झाले."

शनिवारी साहेबांनी तिला बोलावून सांगितलं. गोड बोलले. तक्रारीचं नाव काढलं नाही, ती तिला नंतर मेकॅनिकांकडून कळली. "तुम्हाला इतके महिने त्रास झाला," म्हणाले. "तुमची काळजी असणाऱ्या व्यक्तीचंही हेच मत आहे." ती "मला फोनवर" एवढं म्हणाली, तर साहेबांनी मान हलवली: "फोनवर अवघड जातं, समजतो मी. म्हणूनच." आणि तिला दार उघडून दिलं.

रविवारी ती घरी आली तेव्हा तिने हे सगळं सांगितलं. मी फळं कापत होते. काळजी असणारी व्यक्ती कोण हे तिने शोधून काढलं होतं.

"ताई," ती म्हणाली. "दुसरं कोण? माझ्या टेबलाजवळ त्याच असतात. पहिल्या आठवड्यात फोन ओढायच्या, आता पाठीमागून ओढला. मी विचारलं त्यांना. नाही म्हणाल्या, शपथ घेतली, रडल्या. मी डबा घेऊन मेकॅनिकांच्या खोलीत जाऊन बसले. साहेब बुधवारपर्यंत बाहेरगावी आहेत. गुरुवारी दहा वाजता मला वेळ दिलीये. मी सांगणार आहे की मला फोनवरच राहायचंय. आणि हेही सांगणार आहे की मागून चुगल्या करणारी बाई माझ्या शेजारी नको. त्यांची पाळी बदला."

सकाळची पाळी ताईंना जमत नाही. सासूबाईंना आंघोळ घालून, जेवू घालून त्या निघतात. हे धाकटीला माहीत आहे, मलाही माहीत आहे.

मी सुरी खाली ठेवायला हवी होती. मी म्हणाले, "लोक असेच असतात गं." आणि तिच्या पुढ्यात बशी सरकवली.

मंगळवारी संध्याकाळी यांना सगळं सांगितलं, दोन्ही फोनांसकट. यांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला.

"आता मी काय करते," मी म्हणाले, "गुरुवारी नऊ वाजताच साहेबांना फोन करते. म्हणजे ती दहाला जायच्या आत मिटून जाईल. सांगते की माझा गैरसमज झाला होता, तिला फोनवरच ठेवा. ऐकतील ते माझं."

"ऐकतील," हे म्हणाले. "तिसऱ्यांदा."

"म्हणजे?"

"पहिल्या फोनला म्हणालीस काढा. दुसऱ्या फोनला काढायला परवानगी दिलीस. आता तिसऱ्या फोनने परत बसव. नोकरी तिला लागलीये का तुला?"

मला राग आला. "तुम्ही काय केलंत इतकी वर्षं? ती बोलायला लागली की पेपर वाचलात."

"वाचलाही नाही," हे म्हणाले. "नुसता धरला."

मी उठून जेवण वाढलं.

तरी साहेबांशी बोलायची वाक्यं मी आज दिवसभर मनात घोळवत होते, आणि चांगली जमली होती. माझी वाक्यं नेहमीच चांगली जमतात. आणि ते ऐकतील याची मला खात्री आहे, हेच मला पुन्हापुन्हा टोचत राहिलं. उद्या दहा वाजता धाकटी तयारी करून आत जाईल, आणि साहेब हसून म्हणतील, "बसा, सगळं ठरलंय, काही बोलायची गरज नाही." ती फोनवर राहील. ज्या सेक्रेटरींनी लिहिलं की तिला बोलता येत नाही त्यांना उत्तर द्यायला तिला जागाच मिळणार नाही. शिवाय ताईंचं नाव ती घेईलच, कारण तिला खरं माहीत नाही. आणि साहेब पुन्हा मी सांगितलं म्हणून गप्प बसतील.

म्हणून साहेबांना फोन करायचा नाही असं ठरवलं आहे. धाकटीला करायचा, आणि उद्या नाही, आत्ता. सव्वाबारा झाले आहेत. दुसरी पाळी संपवून ती साडेअकराला खोलीवर पोचते, जेवते, एक वाजेपर्यंत जागी असते.

काय सांगायचं ते कागदावर लिहून घेतलं आहे. साहेबांना ताईंनी काही सांगितलं नाही. मी सांगितलं, दोनदा, तुला न विचारता. त्याच्यापुढे "तुझ्याच भल्यासाठी" असं लिहिलं होतं, ते खोडलं. मग "माझी काळजी समजून घे" लिहिलं, तेही खोडलं. एवढं सांगून झाल्यावर तिला विचारायचं आहे की उद्या मी काही करावं असं तुला वाटतं का, की काहीच करू नये. आणि ती सांगेल ते ऐकायचं आहे.

धाकटी रागावली की तिचे शब्द सगळ्यात जास्त अडतात. उद्याच्यापेक्षा आजच जास्त अडतील. बराच वेळ पलीकडून नुसता श्वास ऐकू येईल आणि माझ्या तोंडाशी सतरा शब्द येतील. यांना उठवून समोर बसवावं का असा विचार केला, मी मध्ये बोलायला लागले तर खूण करतील. पण झोपू दे त्यांना. हे माझं मलाच जमवायला हवं.

नंबर लावते.